रिकामी गाडी, भरलेला आवाज: पिकअपच्या केबिनच्या कामाच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

गाडी महिंद्रा बोलेरो पिकअप, २०१८ चं मॉडेल, सिंगल केबिन, २०२२ मध्ये सेकंडहँड घेतलेली. काम ठरलेलं: शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग उचलायची, कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या शॉपवर आणायची, मशिनिंग झालं की कागलला पोचवायची. हौद्यात माल असला की गाडी निदान बसून चालते. रिकामी परतताना मात्र केबिनमध्ये शेजारच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. शॉपमध्ये दिवसभर लेथ आणि ग्राइंडर, आणि त्यावर हे. संध्याकाळी मी टीव्हीचा आवाज वाढवतो आणि आई कमी करते, हे आता रोजचंच झालंय.

अपेक्षा माफक आहे. साठच्या वेगाला रिकाम्या गाडीत साध्या आवाजात बोलता यावं आणि पावसात टपाचा ताशा कमी व्हावा. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे, त्यामुळे केबिन अगदी गप्प करायचा विचार नाही.

सामान घ्यायच्या आधी मोजमाप. मोबाईलवर डेसिबलचं ॲप घेतलं. गोकुळ शिरगावच्या पुढचा एक सरळ डांबरी पट्टा ठरवला. महामार्गाचं सहापदरीकरण चालू असल्यामुळे सारखा पृष्ठभाग शोधावा लागतो, वळणरस्ता मध्ये आला की आकडे फुकट. काचा बंद, ब्लोअर बंद, टायरात हवा नेहमीची, हौदा रिकामा. साठला ७८ डेसिबल, जागेवर चालू इंजिनाला ६१. मोबाईलचा माइक काही प्रयोगशाळेतला नव्हे, त्यामुळे आकडा खरा किती याला अर्थ नाही. त्याच फोनने, त्याच जागी धरून मिळालेला आधीचा आणि नंतरचा फरक तेवढा धरायचा.

ही मोजणी 'ए' वजनाची आहे, म्हणजे माणसाच्या कानासारखी खालचे सूर कमी मोजणारी. घुमणारा आवाज तिच्यात लपतो. म्हणून आवाजाचे सूर वेगळे करून दाखवणारं दुसरं ॲपही चालवलं. त्यात सगळ्यात उंच टोक ७० हर्ट्झच्या आसपास. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. सेकंदाला ७० स्फोट म्हणजे ३५ फेरे, मिनिटाला २१००. म्हणजे ते टोक सरळसरळ इंजिनाचं. टायरची घरघर हजार हर्ट्झच्या आगेमागे, वाऱ्याची सूं सूं त्याच्याही वर. तिघांवर औषध एक नाही, हे लिहून ठेवतो, कारण दुकानात गेल्यावर सगळ्यांवर एकच शीट विकली जाते.

७ एप्रिल

गाडी दाजींच्या हातात दिली आणि मी शेजारी बसलो, डोळे मिटून. आवाज शोधायला ड्रायव्हरचा उपयोग नाही, त्याचं लक्ष रस्त्यावर असतं आणि असलंच पाहिजे.

सांगली फाट्याच्या अलीकडे एका खड्ड्यावर दाजी म्हणाले, "इंजिनाचं सोड, मागनं काय वाजतंय ते बघ आधी."

मागनं वाजत होता फाळका, म्हणजे हौद्याची मागची उघडणारी फळी. दोन्ही बाजूंच्या साखळ्या ढिल्या, आकडे भोकात मोकळे, आणि प्रत्येक धक्क्याला फाळका हौद्याच्या खांबावर आपटत होता. तो दणका चासीतून केबिनच्या मागच्या भिंतीत आणि तिथून थेट पाठीत. सायकलची जुनी ट्यूब कापून साखळ्यांवर चढवली, आकड्यांच्या भोकांत रबराचे तुकडे बसवले, खांबाला जिथे फाळका टेकतो तिथे कन्व्हेअर बेल्टचा तुकडा स्क्रूने मारला. सीटच्या मागे जॅक आणि टॉमी (लोखंडी दांडा) लोळत होते, त्यांना जुन्या जीन्समध्ये गुंडाळून पट्ट्याने आवळलं. नंबरप्लेटमागे फोमची पट्टी.

खर्च जवळजवळ शून्य. साठचा आकडा ७८ वरून ७७, एवढाच. पण कान वेगळंच सांगतात: खळखळ गेल्यावर बसणं लगेच सुसह्य झालं. सरासरी दाखवणारं मीटर असल्या मधूनमधून येणाऱ्या दणक्यांना फारसं मोजत नाही, डोकं मात्र त्यांनीच उठतं.

१३ एप्रिल, रविवार

काल जोतिबाची चैत्र यात्रा झाली, आज शहरातल्या निम्म्या गाड्या अजून गुलाबी. शॉप बंद, म्हणून केबिन उघडायला घेतली. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. सीटचे बोल्ट, दाराच्या उंबऱ्याच्या पट्ट्या, गिअर लिव्हरचं रबरी बूट, मग मॅट. सीटच्या रुळांमध्ये आमचाही गुलाल निघाला, कुठल्या वर्षाचा देव जाणे.

मॅटखाली कंपनीचं फेल्ट असतं, कापडाच्या चिंध्या दाबून केलेलं. ते उचललं तर हाताला पिठासारखी बारीक माती लागली. पत्र्याच्या प्रत्येक खोबणीत एकसारखा, सपाट बसलेला, करडा-तपकिरी थर. बुटांची माती अशी बसत नाही, ती पायाखाली जमते. ही पाण्यातून खाली बसलेली माती, पुराचा गाळ. भिंतीवर बोटभर उंचीपर्यंत रेषाही दिसते. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं आणि त्या दिवसांत किती गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी "पाण्यात कधीच न्हाई" असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आता भांडून काय मिळणार? तीन वर्षं गाडी चालवून झाली.

मुद्दा वेगळा आहे. ते फेल्ट पाणी धरून ठेवतं. त्याच्या खाली डाव्या बाजूला पत्र्यावर तळहाताएवढा गंज, एका जागी पापुद्रे सुटलेले. स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटून पाहिली, पत्रा अजून दमदार आहे, आरपार गेलेला नाही. यावर तशीच शीट चिकटवली असती तर गंज आत झाकला गेला असता आणि खालून खात राहिला असता. आवाजाचं काम पंधरवडाभर थांबवलं.

१४ ते १९ एप्रिल

संध्याकाळी शॉप सुटल्यावर वायर ब्रश, एमरी, गंज मारायचं ॲसिड, पुसणं, वाळवणं, रेड ऑक्साइडचे दोन हात, वर रंग. लिहिण्यासारखं काही नाही. गाडी या दिवसांत फळीवर गादी टाकून चालवली, आणि आता आवाज इतका की फेल्टबद्दल थोडा आदर वाटला.

२० एप्रिल, रविवार

सामानाची खरेदी. दुकानदाराचा आग्रह डांबरी शीटचा, कारण स्वस्त, आणि "सगळी गाडी एका दिवसात मढवून देतो" म्हणाला. डांबरी शीट जमिनीवर ठीक, पण उन्हात वास मारते आणि टपावर लावली की मऊ पडून लोंबायला लागते. एप्रिल-मे मध्ये दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत ती नको. बुटाइल रबराची, वर ॲल्युमिनियम फॉइल असलेली, २ मिमीची शीट घेतली.

या शीटचं काम काय ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण निम्मे पैसे इथेच वाया जातात. ती आवाज अडवत नाही. पत्रा थरथरतो तेव्हा चिकट रबर पत्रा आणि फॉइल यांच्यात मागेपुढे ओढलं जातं आणि थरथरीची शक्ती किंचित उष्णता होऊन संपते. त्यासाठी सगळा पत्रा झाकायची गरज नसते. मोकळ्या पत्र्याच्या मध्यभागी, चौथा हिस्सा ते जास्तीत जास्त निम्मा भाग पुरे. दुकानदार शंभर टक्के मढवायला सांगणारच, तो शीट विकतो.

आवाज अडवायला वजन लागतं. त्यासाठी जड व्हिनाइल घेतलं, चौरस मीटरला साधारण ५ किलोचं, फक्त जमीन आणि फायरवॉलपुरतं (इंजिन आणि केबिनमधला पत्रा). अडथळ्याचं वजन दुप्पट केलं तर हिशोबाने ६ डेसिबलचा फायदा, म्हणजे वजन वाढवत जाणं लवकरच महाग पडतं. व्हिनाइल आणि पत्र्याच्या मध्ये क्लोज्ड सेल फोम, म्हणजे पाणी न पिणारा, ६ मिमी. व्हिनाइल पत्र्याला चिकटलं तर पत्र्याबरोबर तेही थरथरणार, म्हणून त्याला मध्ये मऊ आधार.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुशनवाले मामा आहेत. त्यांनी सामान बघून विचारलं, "म्हशीला झूल शिवताय व्हय?" मग त्यांचा सल्ला: दोन इंचाचा सीटचा फोम टाका, सगळा आवाज पितोय. त्यात खोटं नाही, वरचे सूर तो पितोच. पण ७० हर्ट्झच्या आवाजाची लांबी जवळजवळ ५ मीटर, दोन इंचाच्या फोमला ती जुमानत नाही. आणि सीटचा फोम पाणीही पितो. कोल्हापूरच्या पावसात गाडीच्या तळाशी तो ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. मामा म्हणाले, "ते खरं हाय." मॅट मापात कापून कडा शिवून द्यायचं त्यांनी कबूल केलं.

२७ एप्रिल, रविवार

या सगळ्या कामातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा दिवस, आणि आज एकही शीट लावली नाही.

रात्री शॉपचे दिवे बंद करून प्रखर टॉर्च डॅशबोर्डखाली, पायांच्या जागेत ठेवला आणि बॉनेट उघडून पुढून पाहिलं. फायरवॉलवर चार ठिकाणी उजेड. वायरिंगचं जाड जुडगं जातं तिथला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी, अर्धा बाहेर आलेला. ॲक्सिलरेटरच्या केबलभोवती चंद्रकोरीएवढी फट. स्टिअरिंगच्या दांड्याचं रबर फाटलेलं. आणि एक भोक नुसतंच, बहुधा कधीतरी कुणीतरी हॉर्नची किंवा फॉगलॅम्पची वायर घातली, काढली आणि भोक तसंच सोडलं. मग टॉर्च गाडीखाली ठेवून आत बसलो: गिअर लिव्हरच्या बुटाची एक कड उचललेली, तिथून प्रकाशाची सरळ रेघ सीटवर.

आवाजाचं गणित इथे निर्दय आहे. भिंतीचा शंभरातला एक भाग उघडा असेल, तर उरलेले नव्व्याण्णव भाग कितीही जाड करा, ती भिंत एकूण २० डेसिबलपेक्षा जास्त अडवूच शकत नाही. चौरस मीटरच्या फायरवॉलला एक टक्का म्हणजे दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन. माझ्या सगळ्या फटी मिळून त्याच्या जवळपास भरल्या असत्या.

ग्रोमेट जागेवर बसवला, कडेने सीलंट. केबलला नवा ग्रोमेट. रिकाम्या भोकावर पत्र्याची चकती, रिव्हेट आणि वर बुटाइल. स्टिअरिंगचं रबर नवं आणलं. बुटाखाली फोमची चौकट करून पट्टी चारही स्क्रूंनी आवळली. इंजिनाच्या बाजूला काहीही चिकटवलं नाही. तिथे उष्णता, तेल आणि डिझेल असतं, आतून जेवढं होतं तेवढंच करायचं.

मग दारं. वर्तमानपत्राची पट्टी दाराच्या बीडिंगमध्ये ठेवून दार लावायचं आणि ओढायची. खालच्या अर्ध्यात पट्टी कचकचून धरली जात होती, वरच्या मागच्या कोपऱ्यात लोण्यातून निघावी तशी सुटत होती. दाराच्या कुलपाचा खांबावरचा आकडा ढिला करून जेमतेम २ मिमी आत सरकवला. आता पट्टी सगळीकडे अडते. दार लावायला किंचित जोर लागतो, पण साठच्या पुढची शिट्टी बंद.

साठला ७५.

१ मे, महाराष्ट्र दिन

जमीन आणि मागची भिंत. पत्रा थिनरने पुसून कोरडा केला. ऊन चांगलं असल्यामुळे बुटाइल हाताच्या उबेनेच बसत होतं, हीट गन फक्त खोबणींना लागली. लाकडी रोलरने फॉइलवरचा नक्षीचा ठसा सपाट होईपर्यंत दाबायचं. ठसा उरला तर खाली हवा आहे असं समजायचं. फॉइलच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, हातमोजे घालूनच.

मागची भिंत ही सिंगल केबिनची दुखरी जागा. मोठा सपाट पत्रा, फारशा घड्या नाहीत, आणि तिच्या मागे रिकामा हौदा. बोटाच्या पेराने मध्यभागी वाजवलं की "टण्ण" आणि मागे लांबलेला नाद. एक फूटभर चौकोन लावला, पुन्हा वाजवलं: "ठप्". संपलं. शेजारच्या मोकळ्या पत्र्यावर पेर आपटत गेलं की कुठे नाद उरलाय ते कळतं, तिथेच पुढचा तुकडा. मीटरपेक्षा हे पेर जास्त विश्वासाचं. भिंतीच्या चाळीस टक्क्यांच्या आतच काम झालं.

जमिनीवर गंज होता त्या भागावर शीट मुद्दाम लावली नाही, रंगाकडे पुढच्या वर्षी पुन्हा बघता यावं म्हणून. तळातले रबरी बूचही मोकळे ठेवले, पाणी शिरलं तर काढून सोडता येतं. वर फोम, त्यावर व्हिनाइल एकसंध फायरवॉलवर चढवून, सांध्यांना टेप. पेडलखाली जाडी वाढली, म्हणून क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून पाहिले, कशालाही अडत नाहीत. ही तपासणी सोडून चालत नाही. शेवटी मामांनी शिवलेली रबरी मॅट. साठला ७३.

४ मे, रविवार

दारं. काच फिरवायचं हँडल काढायला पान्याची गरज नाही. हँडल आणि पॅड यांच्यामध्ये चिंधीची लांब पट्टी घालायची, दोन्ही टोकं धरून बूट पुसल्यासारखी डावी-उजवी ओढायची. आतली लहान क्लिप पट्टीत अडकते आणि टुणकन उडते. दुसरा हात आडवा धरावा, नाहीतर ती क्लिप उद्यमनगरातल्या बुरशीच्या, म्हणजे लेथवर निघालेल्या धातूच्या किसाच्या, ढिगात शोधत बसावी लागते.

बाहेरच्या पत्र्याला आतून, मोठ्या भोकांतून हात घालून, मध्यभागी शीट. खालच्या काठाला हात लावायचा नाही, तिथे पाणी निघायची भोकं असतात. काचेच्या रबरातून दारात पाणी येणारच, ते खालून गेलं पाहिजे. आतल्या प्लॅस्टिकच्या पडद्याचं खालचं टोक दाराच्या आतल्या बाजूला सोडलं, बाहेर नाही. मोठ्या भोकांवर शीटची झाकणं स्क्रूने लावली, काचेची मशीन बिघडली तर उघडता यावीत म्हणून. दार लावल्याचा आवाज बदलला. दाजींनी चारदा उघडून लावलं आणि म्हणाले, "आता नवी वाटतीया." साठला ७२.

११ मे, रविवार

टप. लायनिंग सोडवायला दोन माणसं लागतात, ते घडी पडलं की कायमचं. मधल्या पन्हाळींमध्ये बुटाइलचे पट्टे, वर पातळ फोम. आकडा ७२ च राहिला. तो उतरेल अशी अपेक्षाही नव्हती, टप पावसासाठी केलाय.

२५ मे, रविवार

यंदा पावसाने मे महिन्यातच ठाण मांडलं. तपासायला जूनची वाट बघावी लागली नाही. टपावरचा ताशा आता दबलेला, बोथट. थेंब कळतात, पण शब्द बुडत नाहीत. दारांच्या खालून पाण्याची धार नीट पडते.

डाव्या पायाकडे मात्र मॅटखाली ओल. व्हिनाइलची कड उचलली तर फोमवर चमचाभर पाणी. माग काढत वर गेलो: वायपरखालच्या जाळीतली पाणी निघायची वाट गुलमोहराच्या पाकळ्यांनी गच्च भरलेली. शॉपसमोर गाडी त्याच झाडाखाली उभी असते. पाणी तुंबून ब्लोअरच्या बाजूने आत. पहिला गंज डाव्या बाजूलाच का, याचं उत्तर बहुधा हेच, पुरावर सगळं ढकलता येणार नाही. तार घालून वाट साफ केली. फोम पाणी पीत नसल्यामुळे फडक्याने पुसून काम भागलं. जुनं फेल्ट असतं तर दिवाळीपर्यंत ओलं राहिलं असतं.

८ जून, रविवार

आज पाऊस उघडा, रस्ता कोरडा, म्हणून शेवटची मोजणी. साठला ७२, जागेवर ५७. म्हणजे ७८ पासून ६ डेसिबल. निम्मा आवाज झाल्यासारखं वाटायला साधारण १० लागतात, तेवढं झालेलं नाही. बोलता येतं, हॉर्न ऐकू येतो. मूळ ठरवलेलं एवढंच होतं.

खर्च: बुटाइल ४,८०० रुपये, व्हिनाइल ३,६००, फोम १,९००, आणि ग्रोमेट, सीलंट, रबर, रंग मिळून ९००. एकूण ११,२००. उतरलेल्या ६ पैकी ३ डेसिबल फाळका, फटी आणि दाराच्या आकड्याने उतरवले, म्हणजे त्या शेवटच्या ९०० रुपयांतल्याही एका भागाने. कुणी विचारलं तर मी तिथूनच सुरुवात करायला सांगेन. वजन वीस-बावीस किलो वाढलं, दीड टन उचलणाऱ्या गाडीला ते कळत नाही.

७० हर्ट्झचं टोक जवळजवळ जागच्या जागी आहे. ते शीट-फोमचं कामच नव्हे. इंजिनाची रबरी माउंटिंग दाबून चपटी झालीत, मेकॅनिकने टॉमी घालून हलवून दाखवली. कागलची ऑर्डर गेली की ती बदलायची, मग त्याच पट्ट्यावर पुन्हा मोजायचं.

उरलेलं बुटाइल दाजींनी त्यांच्या ओम्नीसाठी नेलं. तिचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, म्हणून इंजिनाच्या झाकणाला आतून काही चिकटवू नका, दारांपुरतंच वापरा, असं बजावून दिलंय.